चौकटीबाहेरची मेंढरं

भिगवणच्या फ्लेमिंगोंचे आणि कडबनवाडीच्या लांडग्याचे फोटो आता इतके पाहायला मिळतात की त्यांचा एक साचाच तयार झाला आहे. फ्लेमिंगो असेल तर खाली संथ राखाडी पाणी, पाण्यात गुलाबी प्रतिबिंब, आणि पक्षी जिकडे पाहतो तिकडे थोडी मोकळी जागा. लांडगा असेल तर सोनेरी गवत, मागे सगळं धूसर, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. रचनेच्या दृष्टीने यात खोट काढण्यासारखं फारसं काही नसतं. पण इंदापूर-बारामतीच्या या फोटोंत इंदापूर-बारामती दिसत नाही. मासेमारांच्या होड्या, जाळ्यांचे तरंगते थर्माकोल, काठावरचा ऊस, विजेचे खांब, धनगरांची मेंढरं हे सारं संगणकावर चौकट आवळताना बाहेर जातं. माझा आक्षेप क्रॉप करण्याला नाही. क्रॉप करताना माणसाची प्रत्येक खूण म्हणजे कचरा असं धरून चालण्याला आहे. या दोन तालुक्यांतलं वन्यजीवन माणसाने घडवलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर उभं आहे, त्यामुळे ती खूण पुसली की फोटो सुंदर राहतो पण खोटं बोलू लागतो.

उजनीचंच घ्या. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याआधी भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या आसपास पाण्याचा असा पसारा नव्हता. फ्लेमिंगोला लागते उथळ, गाळाची जागा, जिथे मान खाली घालून चिखलातलं सूक्ष्म खाद्य गाळून घेता येतं. ती जागा उघडी पडते ती शेतीसाठी पाणी सोडल्यावर, जलाशय उतरू लागला की. पाणी फारच खाली गेलं तर पळसदेवचं बुडालेलं मंदिरही वर येतं. म्हणजे ज्या दृश्याला आपण आदिम निसर्ग म्हणून दाद देतो, त्याचं वेळापत्रक बऱ्याच अंशी कालव्याची आवर्तनं ठरवतात. चित्रबलाकांची गोष्ट तर याहून उघड आहे. भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर आणि इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची घरटी आहेत. खाली लोक सातबाऱ्याच्या रांगेत आणि वर पिलांना मासे भरवणं चालू. पण बहुतेक फोटोंत फांदी, घरटं आणि आकाश एवढंच उरतं. कचेरीचं छप्पर आलंच तर फोटो फुकट गेला असं समजतात.

माळरानावर या सवयीची किंमत जास्त मोजावी लागते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. चिंकारा तेवढ्यात मावत नाही, तो लगतच्या शेतांतून आणि गायरानांतून फिरतो. लांडग्याचं तर पोटच बऱ्याच प्रमाणात शेळ्यामेंढ्यांवर चालतं, म्हणून धनगरांचे कळप आणि लांडग्यांची टोळी एकाच माळावर, एकमेकांवर डोळा ठेवून जगतात. गवताळ माळाला सरकारदरबारी वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हटलं गेलं. त्यावर झाडं लावणं हे पुण्यकर्म ठरलं, कुठे औद्योगिक वसाहत आली, कुठे नांगर फिरला. अशा वेळी लांडग्याचा चेहराच तेवढा चौकटभर दाखवला, तर वाचकाच्या मनात त्याच्यामागे आपोआप घनदाट जंगल उभं राहतं. लांडगा वाचावा असं त्याला वाटतं, आणि माळावर झाडं लावायलाही तोच उत्साहाने निघतो. दुसरं म्हणजे कुत्री. पुणे परिसरातल्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. टोळीच्या कडेला उभं असलेलं भटकं कुत्रं ‘फ्रेम खराब करतंय’ म्हणून कापणारा छायाचित्रकार त्या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची माहितीच कापत असतो.

स्पर्धांचे नियमच तसे आहेत, असं यावर सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जगातल्या तीन मोठ्या छायाचित्रण संस्थांनी 2014 मध्ये निसर्ग छायाचित्राची जी सामाईक व्याख्या ठरवली, तिच्यात मानवी घटक नकोत असं म्हटलं आहे. पण माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या जिवांचा अपवादही तिथेच नोंदवला आहे, आणि उदाहरणं दिली आहेत ती गव्हाणी घुबडाची आणि बलाकांची! नियमाने सोडलेली वाट आपल्या सवयीने बुजवली आहे. नयन खानोलकर यांचा मुंबईतल्या गल्लीतून रात्री चालणारा बिबट्या 2016 मध्ये लंडनच्या प्रतिष्ठेच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. त्यातली घरं, भिंती आणि दिव्याचा उजेड कापून पाहा. उरेल एक बरा बिबट्या, असे शेकड्यांनी आहेत.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. क्रॉप नको म्हटलं तर लोक जवळ जातील. होडी थव्यात घालून फ्लेमिंगो उडवणं, लांडग्याच्या बिळापाशी गाडी लावणं हे प्रकार चौकट भरण्याच्या हव्यासातूनच होतात. 24 मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली तरी 6 मेगापिक्सेल हाती राहतात, मासिकाच्या अर्ध्या पानाला ते पुरतात. तेव्हा दूर राहून नंतर कापणं हे सभ्यपणाचंच लक्षण, यात मला शंका नाही. शिवाय लांब पल्ल्याची लेन्स तरी काय करते? त्याच जागेवरून काढलेल्या रुंद फोटोचा मधला तुकडाच ती दाखवते. हे मान्य केलं की प्रश्न कात्रीचा उरत नाही, निवडीचा उरतो. दूर उभं राहिल्यामुळेच परिसर चौकटीत आयता येतो. तो टाकून द्यायचा की रचनेत बसवायचा, हे कौशल्याचं काम आहे. विजेची तार तिरकी घेऊन नजर पक्ष्याकडे नेता येते, मेंढरांचा पट्टा खाली धरून त्यावर लांडगा बसवता येतो. हे अवघड असतं, पुष्कळदा फसतं, आणि म्हणूनच कमी लोक करतात. पिसांची रचना किंवा चोचीची ठेवण दाखवायची असेल तर खुशाल आवळून कापावं, तिथे ऊस दिसण्याचं कारण नाही.

दोष एकट्या छायाचित्रकाराच्या माथी मारणंही बरोबर नाही. संपादकांना मुखपृष्ठासाठी उभा फोटो हवा असतो, वर नावाला मोकळी जागा, आणि मध्ये एकटा प्राणी. शिरसुफळ आणि कडबनवाडीला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली, तिच्या जाहिरातींनाही तोच साचा लागू पडतो. छायाचित्रकाराकडे तर मूळ फाइल असतेच, स्पर्धेत शंका आली तर तीच मागतात. मुखपृष्ठावर कापलेला फोटो छापावा, आणि आतल्या पानावर न कापलेला, गावाच्या नावासह. त्याला लागेल एका पानाची जागा.