पाहिलं तेवढंच सांगावं

लालबागच्या जुन्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढून वर आला, की पहिल्याच दारातून विचारणा होते, “कोणाकडे आलात?” विचारणाऱ्या आजी भाजी निवडत बसलेल्या असतात. आवाजात राग नसतो. पाहुण्याला खोली सापडावी आणि आपल्या मजल्यावर कोण आलंय हे आपल्याला कळावं, एवढंच त्यांच्या मनात असतं. आता बऱ्याच चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, दारं बंद झाली, तरी ही नजर गेलेली नाही. पहाटे दूध आणायला निघालेल्या काकूंना, मसाला गल्लीत दुकान उघडणाऱ्याला, रात्री मंडपात जागणाऱ्या कार्यकर्त्याला बरंच काही दिसत असतं. एकच मुलगा रोज त्याच वेळी त्याच कोपऱ्यावर उभा असतो. मोटारसायकल येते, हातातून हातात काहीतरी जातं, मोटारसायकल निघून जाते. महिन्यापूर्वी क्रिकेट खेळणारी पोरं आता तिथेच घुटमळतात. हे पाहून जीव तुटतो. तोंड उघडावं असंही वाटतं. पण सांगायचं कुणाला, आणि कसं?

या वस्तीला नशेचं दुखणं नवीन नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरातली चूल अडचणीत आली. त्याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरलं. हाताला काम नसलेली, शाळा सुटलेली तरुण मुलं त्यात सापडली. घरच्यांनी लाजेपायी झाकून ठेवलं, शेजाऱ्यांनी भीतीपायी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढे दोन चांगल्या गोष्टी घडल्या. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पहिली गोष्ट विकणाऱ्याला आवरण्यासाठी, दुसरी सापडलेल्याला सोडवण्यासाठी. आज गर्दच्या जोडीला एमडी म्हणजे मेफेड्रोनसारख्या पुड्या आल्या आहेत, पण वाटा याच दोन आहेत. आपण फक्त योग्य वाटेवर योग्य निरोप पोचवायचा.

गप्प राहणारी माणसं मनानं वाईट नसतात. त्यांना भीती असते. पहिली भीती नाव फुटण्याची. त्यासाठी 1933 हा देशभराचा टोल फ्री क्रमांक आहे. जुलै 2024 मध्ये सुरू झालेली ही ‘मानस’ हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिथे नाव न सांगता माहिती देता येते. फोन नको असेल तर मानसच्या संकेतस्थळावरही कळवता येतं. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेत खास अमली पदार्थविरोधी कक्ष आहे. ओळखीचा विश्वासू अधिकारी असेल, तर आपलं काळाचौकी किंवा भोईवाडा पोलीस ठाणं आहेच. शिवाय एनडीपीएस कायद्याच्या कलम 68 नुसार, ही माहिती कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. दुसरी भीती कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची. पण खबर देणं वेगळं आणि साक्षीदार होणं वेगळं. खबर म्हणजे तपासाची सुरुवात. कलम 42 खाली अशी माहिती मिळाली, की अधिकाऱ्यानं ती लिहून घ्यायची असते आणि तिची प्रत 72 तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवायची असते. पुढची झडती, पंचनामा, जप्ती, तपासणी हे सगळं त्यांचं काम. खटला उभा राहतो तो मुख्यतः त्यांना मिळालेल्या पुराव्यावर.

आपलं काम त्याहून लहान आहे, पण ते नीट करावं लागतं. घरी येऊन शांतपणे कागदावर लिहावं. जागा कोणती, वार आणि वेळ कोणती, गाडीचा नंबर सहज दिसला असेल तर तो, माणूस दिसायला कसा, किती दिवस हे चाललंय. जवळ शाळा किंवा कॉलेज असेल तर तेही लिहावं, कारण शिक्षणसंस्थेच्या आसपास केलेला असा गुन्हा शिक्षा ठरवताना कायदा अधिक गंभीर मानतो. आपल्या खिडकीतून, आपल्या रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच पुरे. त्यासाठी कुणाच्या मागे जायचं नाही. मोबाइल रोखून व्हिडिओ काढायचा नाही. चार पोरं जमवून कोपऱ्यावर जाब विचारायचा नाही. आजींचा “कोणाकडे आलात?” हा प्रश्न जिन्यावर शोभतो, इथे तो जिवावर बेतू शकतो. जिन्याखाली संशयास्पद पुडी पडलेली दिसली, तर हात लावू नये आणि पुरावा म्हणून घरीही आणू नये. असा पदार्थ जवळ असणं हाच गुन्हा आहे. लांब उभं राहून 112 ला फोन करावा. मारामारी चालली असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तरीही 112. कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं, तर आधी 108 ची रुग्णवाहिका. त्या वेळी तो कोण, त्यानं काय घेतलं, याचा न्याय करत बसू नये. आधी जीव.

सगळ्यात जपून राहायचं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपासून. “अमक्याचा मुलगा विकतो म्हणे” हे एक वाक्य रात्रीत शंभर फोनवर जातं. ते खरं असेल तर विकणारा सावध होतो आणि जागा बदलतो. खोटं असेल तर एक घर कायमचं बदनाम होतं. त्या मुलाच्या बहिणीचं लग्न, वडिलांची नोकरी, आईचं नळावर चार बायकांत उभं राहणं, सगळ्यावर त्याचा डाग पडतो. डोळे आणि कान यांच्यात चार बोटांचं अंतर असतं, असं आपली थोरली माणसं सांगत आली. खबर देताना हे अंतर सांभाळावं. डोळ्यांनी पाहिलं ते “पाहिलं” म्हणून सांगावं. कानावर आलं ते “ऐकलं” म्हणून सांगावं. मनाला वाटलं ते “वाटलं” म्हणून सांगावं. कायदाही हाच भेद करतो. जाणूनबुजून, वाईट हेतूनं खोटी माहिती देऊन कुणाला अटक करवली किंवा कुणाच्या घराची झडती घ्यायला लावली, तर कलम 58 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भांडणाचं उट्टं काढण्यासाठी हा फोन नाही. पण सद्भावनेनं, दिसलं तसं सांगणाऱ्या माणसावर हे कलम रोखलेलं नाही. त्यानं निश्चिंत असावं.

आणि तो मुलगा? कोपऱ्यावर घुटमळणारा, डोळे खोल गेलेला, आपल्याच मजल्यावर लहानाचा मोठा झालेला? अनेकदा आपली जीभ त्याच्यासाठीच अडखळते. याचं आयुष्य आपल्या हातून बरबाद व्हायला नको, असं वाटतं. हे वाटणं चांगुलपणाचं आहे. त्याच चांगुलपणानं त्याच्या आईला एकटीला गाठावं. वेळ दुपारची असावी, गॅलरीत कुणी नसताना. “मुलगा बरा दिसत नाही हो, मी बरोबर येते” एवढंच म्हणावं. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. परळला केईएम रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आपल्या चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नशा करणारा स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर सेवन करणं किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ असणं यासाठी त्याच्यावर खटला चालू नये, अशी तरतूद कलम 64अ मध्ये आहे. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. ही गोष्ट कितीतरी आयांना माहीत नसते. पोलिसांचं नाव काढलं की त्या दार लावून घेतात. त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचवणं हीसुद्धा तेवढीच मोलाची मदत आहे. विकणाऱ्याची खबर 1933 वर, आजारी लेकराची काळजी 14446 वर. दोन्ही एकाच मायेनं करता येतं.

असं नेमकं सांगायला जमावं म्हणून रोजच्या साध्या बोलण्यात त्याची सवय लावून घ्यावी. ऑफिसात कुणाबद्दल काही सांगण्याआधी, घरी सुनेची किंवा सासूची गोष्ट काढण्याआधी, शाळेतल्या मुलाची तक्रार ऐकताना, मनाला एक प्रश्न विचारावा, “पाहिलं, ऐकलं, की वाटलं?” सुरुवातीला वाक्य अडतं. मग सवय होते. बोलणं थोडं कमी होतं, पण त्याला वजन येतं. असं बोलणाऱ्या माणसाचा शब्द घरात, चाळीत आणि चौकीतही ऐकला जातो. ज्या दिवशी खरोखर मोठं काही सांगायची वेळ येते, त्या दिवशी त्याचा आवाज कापत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्याला स्वतःलाच स्पष्ट असतं. आजच फोनमध्ये 1933, 112, 108 आणि 14446 हे क्रमांक नावानिशी साठवून ठेवा. संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या फोनमध्येही टाकून द्या. आपल्या वस्तीनं सुखदुःखात एकमेकांची दारं नेहमीच ठोठावली आहेत. या संकटातही तेच करायचं आहे. घाबरायचं नाही, वाढवून सांगायचं नाही आणि पाहिलेलं पोटात ठेवायचं नाही.