पटावरील मुलूख आणि मुलखांतील माणसें

युद्धाचा खेळ खेळणारा मनुष्य डाव रंगांत आला असतां मनांतल्या मनांत काय मोजीत असतो, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण आमच्या मतें त्यांत नीतिशास्त्राचा एक बराच कठीण प्रश्न दडलेला आहे. हल्लीं सुशिक्षित घरांतून जुन्या लढायांचे जे पटावरचे खेळ खेळले जातात, त्यांत नकाशाचे प्रांत पाडलेले असतात, आणि कोणाच्या ताब्यांत किती प्रांत आहेत यावर पुढील खेळीचें बळ ठरतें. १९५७ सालीं फ्रान्समध्यें निघालेला 'रिस्क' हा खेळ मध्ययुगीन नव्हे, पण या सर्व कुळाचा तो जवळचा आप्त आहे. त्यांत पृथ्वीचे ४२ भाग केलेले असून, जवळ जितके भाग असतील त्यांस सामान्यतः तिहींनीं भागून येईल तितकें नवें सैन्य खेळणाऱ्यास मिळतें. हौशी तरुण तर प्रत्येक फेरीअखेर कोष्टकें मांडून ठेवतात. अमक्याचे इतके प्रांत वाढले, तमक्याचे इतके घटले. या कोष्टकांचा आम्हांस तिटकारा नाहीं. चीन व जपान या देशांतील 'गो' खेळांत ३६१ बिंदूंच्या पटावर शेवटीं मोजदादच होते, आणि त्या खेळाच्या गांभीर्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं.

आमच्याकडील बुद्धिबळ मात्र निराळ्या प्रकृतीचें आहे. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' ग्रंथांत या खेळाला राजाच्या विनोदांमध्यें स्थान दिलें. पुढें सतराव्या शतकांत, मूळ पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें त्याचें विवेचन कोठें घातलें म्हणाल, तर 'नीतिमयूख' या राजनीतीवरील ग्रंथांत! या खेळांत घरें ६४ आहेत खरीं, पण कोणी किती घरें अडविलीं यावर निकाल लागत नाहीं. निकाल एका राजावर लागतो. सगळीं मोहरीं जिवंत असतांहि मात होते, आणि आमच्या जुन्या खेळाडूंना तर प्यादेमातीचें भूषण सर्वांत मोठें वाटे. (नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या ओळखीच्या घरांतून धूळ खात पडलेले पट पुन्हा बाहेर निघाले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय.)

इतिहासाचा पट या दोहोंपैकीं कोणत्या जातीचा? जून १६६५ मध्यें पुरंदरास जो तह झाला, त्यानें शिवाजी महाराजांनीं २३ किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस दिला. उरले १२ किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख. कोष्टक मांडणारा म्हणेल कीं, ज्याच्याजवळ किल्ल्यांचा तिसरा हिस्सा व उत्पन्नाचा पांचवा हिस्सा राहिला त्याचा डाव संपला. आणि त्या दिवशीं त्याचें म्हणणें खोडून काढणें कोणासहि जड गेलें असतें. पण १६७० च्या फेब्रुवारींत कोंडाणा परत आला, पाठोपाठ पुरंदर आला, आणि १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला. उलट औरंगजेबाचें पाहा. १७०० सालीं सातारा, १७०१ सालीं पन्हाळा, १७०३ सालीं सिंहगड, १७०४ सालीं राजगड व तोरणा. दर वर्षाच्या कोष्टकांत त्याचीच बाजू चढती! कांहीं किल्ले तोफांनीं पडले, कांहीं पैशानें. कोष्टकाला त्या भेदाशीं कर्तव्य नसतें. १७०७ सालीं बादशहा अहमदनगरास मरण पावला, तेव्हां या किल्ल्यांपैकीं कित्येक हातचे गेले होते किंवा जाण्याच्या वाटेवर होते, आणि मराठ्यांच्या फौजा गुजराथेंत व माळव्यांत शिरून परत आलेल्या होत्या.

येथवर आम्हीं जें लिहिलें तें कोणताहि चतुर खेळाडू मान्य करील. तो म्हणेल, मोजमाप चुकलें तर निराळें मोजमाप शोधावें. किल्ल्यांऐवजीं रसद मोजावी, घोडदळ मोजावें, खजिना मोजावा. हा डावपेचाचा धडा झाला. नीतीचा प्रश्न याच्या पुढें सुरू होतो. समजा, औरंगजेबाचें कोष्टक खरें ठरलें असतें व घेतलेला प्रत्येक गड शंभर वर्षें त्याच्याकडे राहिला असता, तर या मोजण्याच्या रीतींत जें उणें आहे तें भरून निघालें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण पटावरील घर ताब्यांत असणें आणि एखादें गांव ताब्यांत असणें या दोन वस्तू एका जातीच्या नाहींत.

याचा पुरावा आमच्या प्रांताइतका दुसरीकडे क्वचितच सांपडेल. वर्धा नदीच्या पश्चिमेस वऱ्हाडांत अठराव्या शतकांत दोअमली होती. नांवाचें राज्य निजामाचें, पण वसुलाचा मोठा हिस्सा नागपूरकर भोसल्यांचा. एका जमिनीवर दोन सरकारांचे हात. पट मांडून बसलेल्यानें अशा गांवावर कोणत्या रंगाची सोंगटी ठेवावी? १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं नदीपलीकडचा मुलूख सोडला आणि नदी ही सरहद्द झाली. नकाशा स्वच्छ झाला. नदीपलीकडे लेक दिलेल्या आष्टीकडच्या कुणब्यास या स्वच्छतेचें काय वाटलें, हें तहनाम्यांत लिहिण्याची रीत नाहीं.

आष्टी हेंच गांव पाहावें. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा परगणा महंमदखान नियाझी या अफगाण सरदारास मोगलांकडून जहागीर होता. बादशाही दप्तरांत ती फार तर एक ओळ असेल. पण या सरदाराची आठवण राहिली ती, त्यानें उजाड मुलूख पुन्हा वसवून लागवडीस आणला म्हणून. त्याची कबर व पुढील पिढींतील अहमदखानाची कबर आष्टीस अद्याप उभी आहे. तोच परगणा दुसऱ्या एखाद्यानें ओसाड ठेवला असता, तरी बादशहाच्या पटावर रंग तोच राहिला असता. पुढें याच गांवांत १६ ऑगस्ट १९४२ रोजीं जमाव पोलिस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, दोन्हीं बाजूंचीं माणसें मेलीं. महायुद्धाच्या नकाशावरील एक रेघहि त्यामुळें हलली नाहीं. त्या दिवशीं आष्टी इंग्रजांच्या ताब्यांत होती असें म्हणावयाचें, तें कोणत्या अर्थानें?

यावर आमचे एक गणिताचे स्नेही म्हणतात कीं, तुम्ही आंकड्यांवर उगाच रागावतां. आंकड्यांवांचून राज्य चालत नाहीं. हें खरें आहे. मलिकंबरानें जमिनीची प्रत पाहून धारा बांधला, अण्णाजी दत्तो यांनीं काठीनें शेतें मोजविलीं, तेंहि मोजणेंच होतें. पण त्या मोजणींत शेत कोणाचें, प्रत कोणती, पीक काय येतें हें विचारावें लागे. म्हणजे मोजणाऱ्यास बांधावर उभें राहून कुणब्याशीं बोलावें लागे. पटावरील मोजणींत बोलावयास कोणी नसतो.

मग खेळांतच रयत आणावी काय? कांहीं खेळकर्ते दुष्काळाचे व रोगराईचे पत्ते घालून तसा यत्न करितात. आम्हांस त्यांत फारसा राम दिसत नाहीं. दुष्काळाचा पत्ता निघाला म्हणजे खेळणारा दोन सोंगट्या परत ठेवतो आणि फांसे पुढच्याच्या हातीं देतो, इतकेंच. खेळ निष्ठुर नसतो, कारण तेथें कोणी मरत नाहीं. त्याला दयाळू करण्याचा खटाटोप मात्र दुःखाचीच सोंगटी करतो. तरुणांनीं खुशाल खेळावें व कोष्टकेंहि मांडावीं. आमची तक्रार पटाबाहेर तीच नजर घेऊन वावरणाऱ्या आम्हां वडील मंडळींविषयीं आहे. वर्तमानपत्रांत कोठल्याशा युद्धाचा नकाशा आला कीं, अमक्यानें इतके चौरस किलोमीटर घेतले, तमक्यानें इतके गमावले, असा हिशेब चहा पितां पितां होतो. त्या चौरसांत कोणाचें पीक उभें होतें हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

रामचंद्रपंत अमात्य यांनीं 'आज्ञापत्र' ग्रंथांत दुर्गांविषयीं जितकें सविस्तर लिहिलें तितकें आमच्याकडे दुसऱ्या कोणीं क्वचितच लिहिलें असेल. राजाराम महाराज जिंजीस असतां इकडील कारभार त्यांनींच पाहिला, तेव्हां किल्ल्यांची मोजदाद त्यांस शिकविण्याची गरज नव्हती. त्याच ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं ते आंबा व फणस यांच्या झाडांपाशीं थांबतात. हें लांकूड जहाजास उपयोगी, तरी रयतेनें वर्षानुवर्षें वाढविलेलीं तीं झाडें तोडूं देऊं नयेत. एखादें झाड अगदींच जीर्ण असेल तर धन्यास राजी करून व किंमत देऊनच न्यावें, असा त्यांचा हुकूम आहे.