उन्हाचं माप

दसऱ्याच्या बाजारासाठी आम्ही झेंडूचं बी आषाढात टाकतो. चार-पाच दिवसांत उगवतं, तीन-साडेतीन आठवड्यांत रोप लावणीला येतं. त्या वर्षी पावसाची झड थांबेना. वाफ्यात टाकलेलं बी वाहून गेलं असतं, म्हणून आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत पोयटा नि शेणखत भरून बी टाकलं आणि पेट्या माजघरात मांडल्या. रोपं वीतभर झाली. हिरवी, पण काटकुळी. सगळ्यांच्या माना एका खिडकीकडे वळलेल्या.

झड उघडली तशी मी घाई केली. भर दुपारी लावणी काढली. घरातली म्हणाली, "चार दिवस पडवीत ठेवा की. त्यांनी अजून ऊन बघितलेलं नाही."

मी म्हणालो, "ऊन लागल्याशिवाय कुणी कणखर होत नसतं."

तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त रोपं माना टाकून पडली. नांगे भरायलाही रोप उरलं नव्हतं.

त्याच जूनमध्ये धाकट्याला मी तालुक्याच्या वसतिगृहात ठेवलं होतं. अकरा वर्षांचं, आईच्या पदराआड वाढलेलं पोर. दिवाळीपर्यंत कुणी भेटायला येणार नाही, असं बजावून आलो होतो. वडील गेल्यावर मी दहावीनंतर नांगर धरला, माझं काय बिघडलं? असा माझा हिशेब.

वाळलेली रोपं उपटताना ती एवढंच म्हणाली, "ह्यांचं बी परत टाकता येईल."

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. पोरगं वाळलं होतं. रडलं नाही. म्हणालं, "आप्पा, माझं काय चुकलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. परतताना एसटीत आठवलं, मी पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा चुलते बैलांच्या पुढे चालत होते. तास वाकडं गेलं की मागं वळून बघत होते. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

कष्टानं माणूस घडतो, हे मी आजही मानतो. जन्मभर माजघरात ठेवलेलं रोप फुलावर येत नाही. पण ऊन द्यायचं तर त्याला माप लागतं. आता लावणीआधी आठवडाभर मी ट्रे बाहेर काढतो. पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग रोज थोडं वाढवत जायचं. पाणीही जरा तोडायचं. दुपारी पानं मलूल होतात, जीव तुटतो, तरी लगेच झारी उचलायची नाही. लावणी दिवस कलल्यावर करायची, लगेच पाणी द्यायचं, तीन-चार दिवसांनी आंबवणी.

आणि रोज संध्याकाळी जाऊन बघायचं. मान परत वर आली असेल तर दिलेलं ऊन मापात होतं. नसेल आली, तर चूक रोपाची नव्हे, आपली. पण हे कळायला संध्याकाळी तिथं असावं लागतं. त्या वर्षी मी पोरापाशी नव्हतो.

धाकट्यानं आता पस्तिशी ओलांडलीय. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, हे तोंडानं सांगायला मला अजून जमलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.