दाखला आणि रुजवात

परीक्षेच्या हंगामात वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसावयास जागा मिळणे दुरापास्त असते. परंतु त्या गच्च भरलेल्या वाचनकक्षातील बहुतेक विद्यार्थी घरून आणलेली परीक्षोपयोगी मार्गदर्शके पुढ्यात घेऊन बसलेले असतात, आणि ज्या कपाटांत नियतकालिकांचे बांधीव खंड वर्षानुक्रमाने लावलेले आहेत, त्यांच्या किल्ल्या कोणाच्या तरी जुडग्यात गंजत पडलेल्या असतात. ग्रंथालय म्हणजे पंखा, उजेड आणि शांतता यांची तजवीज, ही समजूत केवळ विद्यार्थ्यांची नव्हे; महाविद्यालयाची पाहणी करावयास येणारे तपासनीसही खुर्च्या मोजतात, पुस्तके मोजतात आणि शेरा मारून निघून जातात. त्या खुर्च्यांवर बसून कोणी एखादा मूळ शोधलेख शेवटपर्यंत वाचला काय, हे विचारण्यासाठी त्यांच्या तक्त्यात रकानाच नसतो.

निवासी डॉक्टरास ग्रंथालयाची खरी आठवण होते ती पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळी. सिनॉप्सिस मंजूर झालेला असतो, नैतिकता समितीची अनुमती पदरात पडलेली असते, रुग्णांच्या नोंदीही ड्यूटी सांभाळून कशाबशा जमलेल्या असतात. पूर्ववाङ्मयाच्या आढाव्याचे प्रकरण मात्र मुदत संपत आली की एखाद्या सीनियरच्या जुन्या प्रबंधावरून उतरवले जाते, आणि त्यासोबत त्यातील आधारांची यादीही, चुकलेल्या पृष्ठांकांसकट, नव्या प्रबंधात मुक्कामास येते. मग तो विद्यार्थी ग्रंथपालाकडे येतो आणि म्हणतो, “सर, रेफरन्सेस व्हँकूव्हरमध्ये करून द्याल का?” त्याला हवी असलेली मदत एवढीच असते, आणि बहुतेक ठिकाणी त्याला मिळतेही एवढीच.

ज्या पद्धतीचे नाव तो घेतो तिचा हेतू मात्र याहून मोठा होता. १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले आणि त्यांनी हस्तलिखितांकरिता एकसारखे नियम ठरविले. संदर्भांची मांडणी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने आखून दिली. मजकुरात आधार ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने त्यास आकडा द्यावयाचा, लेखकाच्या आडनावापुढे पूर्णविराम न देता आद्याक्षरे लिहावयाची, नियतकालिकाचे ठरावीक संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, कंसात अंक आणि शेवटी पृष्ठे: हा सारा काटेकोरपणा एवढ्यासाठी की, हजारो कोसांवरील अपरिचित वाचकास वाटेल तेव्हा मूळ लेख काढून विधानाची रुजवात घेता यावी. झोटेरो किंवा मेंडले यांसारख्या संगणकप्रणाली हे स्वल्पविरामांचे काम आता क्षणात उरकतात. असे असूनही प्रबंधाचे मार्गदर्शक अर्धविरामांभोवती तांबड्या पेन्सिलीची वर्तुळे काढीत बसतात आणि अमुक क्रमांकाचा लेख उघडून पाहिला काय, हे विचारीत नाहीत. ज्याने लेख वाचला आहे त्याचा स्वल्पविराम चुकला तर मी खुशाल माफ करीन. न वाचलेल्या लेखाचा निर्दोष लिहिलेला दाखला मला खोट्या साक्षीहून फारसा निराळा वाटत नाही.

ही भाषा कोणास अतिरेकाची वाटली तर त्याने एका पत्राचा इतिहास पाहावा. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक किमान एकदा दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसनाचा इतिहास नसताना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी नोंद झालेली प्रकरणे चारच आढळली, इतकेच त्यात म्हटले होते. रुग्णालयाबाहेर, घरी, महिनोन्महिने या गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. परंतु पत्राचे शीर्षक सोयीचे होते, आणि शीर्षकावरून दाखला देणाऱ्यांची वाण कोणत्याच काळात नसते. २०१७ साली त्याच नियतकालिकात काही संशोधकांनी या पत्राचे उल्लेख मोजले, तेव्हा ते ६०८ भरले, त्यांतील ७२.२ टक्के लेखकांनी ते ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून पुढे केले होते, आणि ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट ८०.८ टक्क्यांनी सांगितलीच नव्हती. उत्तर अमेरिकेत त्या औषधांनी पुढे जो हाहाकार उडविला त्याचे सारे खापर एका पत्रावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण औषध खपविणाऱ्यांचा वाटा त्यात फार मोठा आहे. तथापि सहाशे लेखकांनी ती पाच वाक्ये वाचण्यास लागणारी दोन मिनिटे खर्च केली असती, तर खपविणाऱ्यांच्या हाती एक हत्यार कमी असते.

मराठी वाचकास या शिस्तीचे अप्रूप वाटावयास नको. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरीतील रसाळ हकिकतीपेक्षा दफ्तरातील एका अस्सल पत्राचे मोल अधिक, हा दंडक इतिहासाच्या अभ्यासकांना घालून दिला. वैद्यकाच्याच क्षेत्रात त्याहून कितीतरी मागे जावयाचे तर, चरकसंहितेचा लुप्त भाग भरून काढणाऱ्या दृढबलाने आपण चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने पूर्ण केल्याचे संहितेतच नमूद करून ठेवले आहे. दुसऱ्याचे कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे सांगण्याची लाज त्यास वाटली नाही.

आधार चुकीचा देणे हा एक दोष. असलेला आधार न सापडणे हा दुसरा, आणि तोही तितकाच घातक. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात चोवीस वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेस हेक्सामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे देण्यात आले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि ती दगावली. प्रयोगकर्त्याने पबमेड धुंडाळले होते, चालू पाठ्यपुस्तकेही पाहिली होती. पण पबमेडची नोंद त्या वेळी १९६६ पासून पुढची होती आणि या द्रव्याने फुप्फुसास इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते सापडावयाचे तर छापील सूचीचे जुने खंड उघडावयास हवे होते. असे खंड कोठे असतात आणि ते कसे पाहावयाचे, हे ज्यास ठाऊक असते त्यास आपण ग्रंथपाल म्हणतो व देवघेवीच्या खिडकीमागे बसवून ठेवतो.

वस्तुतः शोध घेणे ही स्वतंत्र विद्या आहे. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याने १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली तेव्हापासून तिचा पाया घातला गेला. ‘हार्ट अटॅक’ असे कोणी लिहिले तरी सूचीकारांनी तो विषय ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या मथळ्याखाली घातलेला असतो. त्या मथळ्यांची स्वतःची उतरंड असते, आणि ती ज्यास अवगत नाही त्याच्या पदरात एकतर चाळीस हजार लेख पडतात किंवा एकही पडत नाही. १९७१ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यक विद्यालयात गर्ट्रूड लॅम यांनी ग्रंथपालास थेट वॉर्डातील राउंडला नेले: खाटेपाशी जो प्रश्न निघेल त्याचे वाङ्मय त्याने शोधून आणावयाचे. आपल्याकडे हा प्रयोग करावयास नवी इमारत लागत नाही, वेगळे अनुदानही लागत नाही. लागते ती विभागप्रमुखाची, राउंडमध्ये पांढरा कोट नसलेला माणूस चालवून घेण्याची तयारी, आणि मला वाटते अडचण नेमकी तेथेच आहे.

आता तर यंत्रे अस्तित्वातच नसलेले लेख रचून देऊ लागली आहेत: लेखकांची नावे खरी, नियतकालिक खरे, खंड व पृष्ठे साजेशी, लेख मात्र जगात कोठेही नाही. मांडणीच्या कसोटीवर असा दाखला पैकीच्या पैकी गुण मिळवील.

छत्तीस तासांची ड्यूटी करणाऱ्या निवासी डॉक्टराने मूळ लेख वाचावेत कधी, हा आक्षेप मी हलका समजत नाही. परंतु प्रबंधात शंभर-सव्वाशे संदर्भ असलेच पाहिजेत असे विद्यार्थ्यास सांगितले कोणी? वाचलेले पंचवीस पुरेत. १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो की अभिमत विद्यापीठे असोत, त्यांना एक छोटी सुधारणा सहज करता येईल: तोंडी परीक्षेच्या दिवशी ग्रंथपालास परीक्षकांच्या शेजारी खुर्ची द्यावी, यादीतील कोणतेही तीन आकडे त्यांनी काढावेत, आणि त्या तीन लेखांत रुग्ण किती होते, कोणते होते व कोठले होते, एवढेच उमेदवारास विचारावे.