समोरच्याची उत्तम चाल

आपल्या खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून दक्षिणेला गेलो, की साताऱ्यानंतर कऱ्हाड आणि तिथून पुढे सांगली. बुद्धिबळात सांगलीचे नाव मोठे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथल्या नूतन बुद्धिबळ मंडळात मुलामुलींच्या पिढ्या घडवल्या. 1987 साली पद्मश्री मिळालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच परंपरेतल्या.

हा खेळ शिकणाऱ्या मुलांना कोडी घातली जातात. पटावर थोडी मोहरी मांडलेली आणि खाली एक ओळ: 'पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.' म्हणजे काळ्याने काहीही खेळले तरी मात झालीच पाहिजे. नवखे मूल म्हणते, "मी घोडा इथे ठेवतो, मग तो प्यादे पुढे करील." पण तो प्यादे का पुढे करील? आपल्या सोयीसाठी? समोरच्याच्या चुकीवर उभे असलेले उत्तर हे उत्तरच नव्हे. कोडे सोडवायचे तर थोडा वेळ त्याच्या बाजूला बसावे लागते आणि त्याची उत्तमात उत्तम चाल त्याच्यासाठी आपणच शोधावी लागते.

बंधुभगिनींनो, आपल्या भांडणांत आपण असे करतो का? शेताच्या बांधावरून दोन भावांचे बिनसते. आपण रात्रभर मनात संवाद रचतो: मी असे बोलेन, मग तो निरुत्तर होईल. त्या संवादात भावाला आपण नेहमी कच्ची उत्तरे देतो. त्याचे खरे म्हणणे, त्याची अडचण, त्याने आईच्या आजारपणात केलेला खर्च, हे आपल्या पटावर येतच नाही.

आणि समजा, त्याची प्रत्येक चाल ओळखून आपण त्याला पुरते कोंडले, तर ते योग्य ठरेल का? खेळात मात झाली की दोघे हात मिळवतात आणि मोहरी पुन्हा मांडतात. घरात तसे होत नाही. वाट न उरलेला माणूस अबोला धरतो किंवा गाव सोडतो.

एक जुने कोडे आहे. काळा राजा कोपऱ्यात, पुढे त्याचीच दोन प्यादी. पांढरा आपला वजीर राजाला खेटून ठेवतो आणि शह देतो. मागे घोड्याचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही. हत्तीलाच मारावा लागतो, आणि त्यासाठी तो राजाच्या शेजारच्या घरात येतो. मग घोड्याचा शह, आणि मात! राजाभोवती शत्रूचे एकही मोहरे नाही. त्याच्याच रक्षकांनी त्याची वाट अडवली आहे. हट्टाला पेटलेला माणूस असाच असतो. ज्या मानापमानाने तो स्वतःला जपतो, त्यानेच तो कोंडला जातो. त्याची नेमकी कुठली वाट बंद आहे, हे समोर बसलेल्याला दिसते. ती बंद ठेवायची की मोकळी करायची, हे आपल्या हाती असते.

आविलाच्या संत तेरेजाला 1944 साली स्पेनमध्ये बुद्धिबळपटूंची आश्रयदाती संत म्हणून घोषित करण्यात आले. सोळाव्या शतकात आपल्या कार्मेली भगिनींना प्रार्थनेविषयी लिहिताना तिने या खेळाचा दाखला दिला होता. आपल्या पटावर जिथे वजीर, तिथे युरोपात राणी. तेरेजा म्हणते, नम्रता ही ती राणी आहे. तिच्या शहातून स्वर्गीय राजाला निसटता येत नाही, आणि निसटण्याची त्याची इच्छाही नसते. ही मात प्रेमाची आहे. ज्याच्यावर मात होते, त्याला ती हवीच असते.

या आठवड्यात कुणाशी वाद मिटवायचा असेल, तर बोलण्याआधी कागदावर त्याची बाजू लिहून पाहू या. तो स्वतः मांडील त्याहून चांगली लिहिता आली, तर मगच त्याच्या दारी जाऊ या.