शिकणाऱ्या मातेचे ओझे वाटून घ्या



भगवान बुद्धांच्या भिक्षुणी संघात सोणा नावाची थेरी होऊन गेली. ती दहा मुलांची आई. अट्ठकथेत तिची हकीकत येते ती अशी. पती घर सोडून भिक्षू झाला. तिने सारी मालमत्ता मुलांत वाटून दिली आणि मग मुलेच तिला विचारीनाशी झाली. उतारवयात ती संघात आली. तेथे इतर भिक्षुणी तिला पाणी तापविण्यासारखी कामे सांगत. दिवस कामात जाई, म्हणून ती रात्री साधना करी. अंधारात ठेच लागू नये म्हणून खांबाला हात धरून चंक्रमण करी. या सोणेला तथागतांनी वीर्यात, म्हणजे नेटाच्या प्रयत्नात, सर्व भिक्षुणींमध्ये अग्रस्थान दिले. देताना तिचे वय पाहिले नाही, पती आहे की नाही हेही पाहिले नाही. पाहिला तो प्रयत्न.

आता आपल्या घरांकडे पाहू. भोकर परिसरातील आपल्या वस्त्यांतही अशा माता आहेत. कोणाचा पती वारला, कोणाला नवऱ्याने टाकले. दिवसा कापूस वेचायचा, सोयाबीन निंदायचे, सांजेला चूल पेटवायची, आणि मनात अर्धवट सुटलेली शाळा. अशी भगिनी ‘मी परीक्षेला बसते’ म्हणाली की आपणच विचारतो, “या वयात शिकून कलेक्टर होणार काय? लेकरं कोण पाहील? एकटी बाई नांदेडला जाते, लोक काय म्हणतील?”

हे बोल धम्माचे नाहीत. पतीवाचून स्त्रीला किंमत नाही, विधवेचे तोंड अशुभ, या जुन्या धर्माचे ते बोल आहेत. आपण देव्हारा काढला, पण हा विचार उंबरठ्याच्या आतच राहिला. बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. ती काय फक्त पुरुषांनी घेतली होती?

परमपूज्य बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. पोट भरणाऱ्याचेही शिक्षण खरे शिक्षण असते, हा त्याचा अर्थ. 1950 साली त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची वाट मराठवाड्यासाठी उघडली. पुढे 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले, आणि काम सांभाळून घरी अभ्यास करून पदवी घेण्याची सोय झाली. दहावी-बारावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते.

उर्मिला पवार यांचे उदाहरण घ्या. त्या तिसरीत असताना वडील वारले. रत्नागिरीकडच्या खेड्यात आईने बांबूची आयदाने विणून मुलांना शिकविले. स्वतः उर्मिलाताईंनी लग्नानंतर, नोकरी आणि मुले सांभाळून, मराठीत एम.ए. केले. 1989 साली त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ लिहून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कार्य जगापुढे ठेवले. त्या पुस्तकामागे एका विधवा मातेचे हातही आहेत.

परंतु बंधूंनो, सोणेच्या कथेतून फक्त ‘बाईने सोसावे आणि जिद्द धरावी’ एवढाच बोध घेतला तर तो अपुरा राहील. तिने रात्र वापरली, कारण दिवस तिच्या वाट्याला आला नाही. तिचे कौतुक करावे आणि आपल्या लेकीसुनेला त्याच अंधारात ठेवावे, ही करुणा नव्हे. सम्यक व्यायाम तिने करावा, आणि आपण तिचे ओझे हलके करावे.

म्हणून पुढच्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होईल तेव्हा एवढे ठरवा. वस्तीत शिकू इच्छिणारी एकटी माता कोण, हे उपासिकांनी घरोघरी जाऊन विचारावे. तिच्या परीक्षेच्या दिवशी तिची लेकरे शेजारच्या घरी जेवावीत. शिकलेल्या तरुणाने तिचा फॉर्म भरून द्यावा. विहाराचा दिवा तिच्या अभ्यासासाठी रात्री उशिरापर्यंत जळावा. आणि मंगल परिणयात विधवा भगिनीला मागे बसवू नका, पुढे बोलवा.

ज्या घरात आई पुस्तक उघडते, त्या घरातील लेकरांना अभ्यासाला बसा असे सांगावे लागत नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!