आधी औषधांची पिशवी उघडा

आईचा किंवा वडिलांचा हात थरथरू लागला की घरात दोनच निष्कर्ष निघतात. वय झालं, नाहीतर कंपवात. दोन्ही बरोबर असू शकतात. तिसरी शक्यता मात्र घरातल्याच औषधांच्या पिशवीत असते, आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत म्हणूनच की काय, सर्वांत शेवटी पाहिली जाते. गडहिंग्लज-चंदगडकडून कोल्हापूरला येणारा म्हातारा माणूस रक्तदाबासाठी एका डॉक्टरांकडे जातो, गुडघ्यांसाठी दुसऱ्यांकडे, चक्करीसाठी तिसऱ्यांकडे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी निराळी, राजारामपुरीतल्या दवाखान्याची निराळी. या सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर मांडून पाहणारं क्वचितच कुणी भेटतं. ते काम मुलामुलींनी अंगावर घ्यावं आणि वेळेवर गोळ्या देण्याइतकंच महत्त्वाचं मानावं, असं माझं म्हणणं आहे.

चक्करीसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड ही आपल्याकडची ओळखीची औषधं. तिन्ही मेंदूतल्या, हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कामात अडथळा आणू शकतात, आणि उतारवयात महिनोन्‌महिने चालू राहिली तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. मग थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होतं. त्यानं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडते, कधी म्हातारा माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतो. त्या भ्रमावर जी गोळी येते, ती बऱ्याचदा पुन्हा डोपामिनच अडवणारी असते. हे काही दुर्मीळ अपघात नव्हेत. कंपवातावरच्या उपचाराची वाटच अशा दुष्परिणामातून निघाली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून मांडला. पुढं त्याच वनस्पतीतल्या रेसर्पिननं काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणं निर्माण होतात असं दिसलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले.

खरोखरीचा कंपवात असला तरी पिशवीचा प्रश्न सुटत नाही, फक्त घड्याळाशी जोडला जातो. कंपवातावरचं मुख्य औषध लेव्होडोपा आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढं मेंदूत शिरताना एकाच दारापाशी गर्दी करतात. त्यामुळं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या पेल्याबरोबर किंवा मटणाच्या जेवणावर घेतलेली गोळी काहींच्या बाबतीत उशिरा आणि अर्धवट लागू पडते. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलेली तीच गोळी चालते. शिवाय मात्रा जास्त झाली की अंग वळवळू लागतं. घरच्यांना तीही थरथरच वाटते आणि ते मात्रा वाढवून मागतात, म्हणजे नेमकं उलटं. डॉक्टरांना दहा मिनिटं दिसतात, घराला सबंध दिवस. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, हात कधी थांबला, उठताना डोळ्यांपुढं अंधारी कधी आली, हे साध्या वहीत लिहिलं आणि मोबाइलवर एखादी चित्रफीत घेतली, तर त्या दहा मिनिटांचं सोनं होतं. कंपवातावरच्याच प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो; घरात त्याला स्वभाव बिघडला म्हणतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

घरच्यांनी डॉक्टरकी करू नये, हा आक्षेप रास्तच आहे. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास ताप येऊन, अंग ताठरून जिवावर बेतू शकतं. थरथरीवर दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉलही मनानं थांबवायचं नसतं. वही विचारण्यासाठी आहे, बदलण्यासाठी नाही. काहीजण म्हणतील, खाजकुइलीचं चूर्ण आयुर्वेदिक, ते कशाला लिहायचं? तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, म्हणून ते आधी लिहायचं. मला अधिक वजनदार वाटतो तो दुसरा आक्षेप, की या नोंदींची म्हाताऱ्या माणसावर पाळत होते. त्यासाठी वही त्यांच्याच उशाशी असावी, आणि कोणता त्रास आधी सांगायचा हे त्यांनीच ठरवावं. पंगतीत रस्सा सांडला याची लाज मुलाला वाटते आणि वडिलांना वाटत नाही, एवढ्यावरून मात्रा वाढवून मागू नये. वाटी अर्धीच भरावी.